वसईच्या तहापासून हॅम्लेटपर्यंत

चिंचोटीहून वसईला कॉलेजात येणारी मुलं इंग्रजी साहित्याचा इतिहास पहिल्यांदा उघडतात, तेव्हा बेओवुल्फ हे जुनं काव्य, चॉसर हा कवी, ही नावं उच्चारतानाच अडखळतात. साहजिक आहे. तुंगारेश्वराच्या डोंगराखाली वाढलेल्या पोराला चॉसरच्या कँटरबरीचं काय? म्हणून मी त्यांना आधी वसईचा किल्ला दाखवते. यशवंतराव होळकरांपुढे पुणं सोडून निघालेला दुसरा बाजीराव इथे आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढच्या सोळा वर्षांत पेशवाई संपली. मराठी मुलाच्या हाती इंग्रजी काव्य आलं ते या तहाच्या मागोमाग. ज्या संस्थेच्या वाटचालीत हे सगळं स्पष्ट दिसतं, ती म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज.

पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी राज्य घेतल्यावर तो ओघ एकदम तोडणं मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला शहाणपणाचं वाटलं नाही. त्या दक्षिणेतलाच काही पैसा वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. सरकारी कागदांत तिचं नाव हिंदू कॉलेज. शास्त्रं शिकवायची ती जुन्याच पद्धतीने, आणि शिकणारे फक्त ब्राह्मण. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना त्या दारातून आत येता आलं नसतं, हे मी दरवर्षी सांगते. ते न सांगता या संस्थेचं कौतुक करणं मला जमत नाही.

१८३७च्या सुमारास पाठशाळेवर देखरेखीला मेजर थॉमस कँडी आले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचा हात होता, १८४७चा इंग्रजी-मराठी कोश त्यांच्या नावावर आहे, आणि आज मराठी वाक्यात आपण स्वल्पविराम देतो त्याचं श्रेयही बरंचसं त्यांनाच दिलं जातं. १८५१ साली पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. काही वर्षांनी एडविन अर्नोल्ड हा तरुण कवी प्राचार्य म्हणून आला. शिकवायला आलेला हा माणूस इथे संस्कृत शिकला आणि हितोपदेश इंग्रजीत घेऊन गेला. बुद्धचरित्रावरच्या ज्या काव्याने त्याला जगभर नाव मिळालं, ते त्यानंतरचं, १८७९चं.

१८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. १८६८ साली सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली. तिथे इंग्रजी साहित्य शिकवायला विल्यम वर्डस्वर्थ होते, कवी वर्डस्वर्थ यांचे नातू. संस्कृतला कीलहॉर्न. एका वर्गातून उठून दुसऱ्या वर्गात जाताना शेक्सपिअर मिटायचा आणि पतंजली उघडायचा, असे ते दिवस असणार.

त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे काय केलं, तिथे मला थांबावंसं वाटतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ साली पदवीधर झाले. वडील कृष्णशास्त्री यांच्या बरोबरीने त्यांनी जॉन्सनचं ‘रासेलस’ मराठीत आणलं, आणि १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली. इंग्रजी निबंधाची घडण त्यांनी अशी पचवली की तिच्यातून मराठी गद्याला स्वतःचा आवाज मिळाला. त्यांच्यामागून कराडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर आला. घरची कमालीची गरिबी. एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही हकिगत मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. डेक्कन कॉलेजातच त्यांची टिळकांशी गाठ पडली आणि १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढे कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात, दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला हात घातला तो या तुरुंगवासात. १८८३ साली ते भाषांतर ‘विकारविलसित’ नावाने निघालं, आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेट रंगभूमीवर असा उभा केला की इंग्रजीचं अक्षर न येणारे प्रेक्षकही त्या राजपुत्राच्या तगमगीत गुंतले. परीक्षेसाठी नेमलेलं पुस्तक थेट नाटकाच्या तिकिटापर्यंत येऊन पोचलं. माझ्या मते, इंग्रजी साहित्याची मराठी माणसाला खरी ओळख झाली ती इथे.

शेक्सपिअरच्या मागे जायचं तर चॉसर. त्याच्या कँटरबरीच्या कथा साधारण १३८७पासूनच्या, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर शंभरेक वर्षांनी आलेल्या. यात्रेकरू एकत्र निघतात, वाटेत एकेक जण गोष्ट सांगतो. दळणारा गिरणीवाला, सरदार, साध्वी, पाचदा लग्न केलेली बाई, सगळे एका वाटेवर. आजोबांचा हात धरून वारीला गेलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. उलट दिशेचा प्रवासही आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला, आणि त्याचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. त्याच साली शेक्सपिअर वारला. वसईची ख्रिस्ती मुलं हे ऐकून ताठ बसतात.

आता पुन्हा डेक्कन कॉलेजकडे. १९३४ साली सरकारने ते बंद केलं. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि १९३९ साली संस्था संशोधनासाठी पुन्हा उघडली. १९४८पासून तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश होतो आहे. पहिला खंड १९७६ साली निघाला, काम अजून चालू आहे.

एकदा मुलांना घेऊन तिथे गेले होते. लोखंडी कपाटांत लक्षावधी चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर एक शब्द आणि तो कुठे आला त्याचा संदर्भ. चिंचोटीच्या एका मुलीने विचारलं, “बाई, बेओवुल्फमधल्या शब्दांच्यापण अशा चिठ्ठ्या केल्या असतील?” केल्या होत्या. ऑक्सफर्डच्या कोशासाठी इंग्लंडातल्या साध्या वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून अशाच चिठ्ठ्या टपालाने पाठवल्या होत्या, आणि तो कोश १९२८ साली पुरा झाला. तिने वही काढली आणि कपाटाला टेकूनच लिहून घ्यायला लागली.