असोल्या फळीचें मोल

मिरा-भाईंदरच्या हद्दींत, काशीमिऱ्याहून घोडबंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका लाकडाच्या वखारींत आम्ही गेल्या हिवाळ्यांत मेजाकरितां फळी पाहावयास गेलों होतों. हल्लीं सुशिक्षित घरांत कडा न छाटलेल्या फळीची मोठी आवड दिसते. बुंधा उभा चिरून सालीलगतची वांकडीतिकडी कड तशीच राखावयाची. इंग्रजींत हिला ‘जिवंत कडेची’ फळी म्हणतात. आपल्याकडे न सोललेल्या नारळास असोला म्हणतात, त्या न्यायानें आम्ही हिला असोली फळी म्हणूं. आमच्या पुढ्यांतली फळी आंब्याची होती. वखारवाल्यानें जेथें ती सर्वांत रुंद होती तेथेंच फीत लावली आणि त्या रुंदीवर चौरस फूट काढून भाव सांगितला. म्हणजे झाड जेथें आंत वळलें होतें तेथील हवेचेही पैसे आम्हांस पडणार होते! तो भाव ऐकतांना आम्हांस आठवण झाली ती एका दोरीची.

लाकडाच्या व्यापारांत गोल ओंडका मोजण्याची जुनी रीति अशी, कीं त्याच्या मध्यावर दोरी गुंडाळावी, तिची चौपदरी घडी घालावी, त्या चौथाईचा वर्ग करावा आणि त्यास लांबीनें गुणावें. हॉपस नांवाच्या इंग्रज मापनकारानें १७३६ सालीं छापलेल्या कोष्टकांमुळें ही रीति व्यापारांत त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि ब्रह्मदेशचा साग पुढें हॉपस टनांनींच मोजला गेला. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या हिशोबानें दहा घनफूट भरतो. भूमितीनें पाहतां तो पावणेतेरा घनफुटांच्या जवळ जातो. मधले पावणेतीन घनफूट कोठें गेले? ते गिऱ्हाइकास सोडले आहेत. ओंडका चौरस करतांना साल, सालीखालचें पांढरें लाकूड आणि बाजूंचीं सालपटें वांया जाणार, हें विकणाराही जाणून होता. सागाची कीर्ति ती त्याच्या गाभ्याची. पांढऱ्या भागास कीड सहज लागते, म्हणून सुतार तो आधीं तासून टाकी. आज असोल्या फळीच्या कडेस जें मिरवतें, तें हें मापांतून सोडून दिलेलें लाकूड होय.

वांकडेपणास मान नव्हता असें मात्र नाहीं. जहाजाच्या बरगड्यांस आणि सांध्यांस लागणारा बाक झाडांतच वाढलेला असला तर त्याचे तंतु तुटत नाहींत, म्हणून जहाजबांधणारा अशा लाकडाच्या शोधांत असे. ज्या वखारींत आम्ही उभे होतों तिच्यापासून वसईची खाडी दूर नाहीं. पोर्तुगीज अमदानींत वसईस जहाजें बांधलीं जात. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं तेथें जहाजें बांधविण्यास आरंभ केला, आणि तीं समुद्रास मिळावयाचीं तर वाट उल्हास नदीनें घोडबंदरावरून वसईच्या मुखाकडेच होती. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेहून मुंबईस आला तें सालही १७३६, म्हणजे हॉपसच्या कोष्टकांचेंच. त्याच्या वंशजांच्या हाताखालीं १८१७ सालीं मुंबईंत तयार झालेली ट्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अजून तरंगत आहे.

या गोद्यांस साग मिळे तो काय भावानें? मुंबईच्या जहाजांसाठीं मलबारचा साग हवा म्हणून कंपनी सरकारनें १८०६ सालीं कॅप्टन वॉट्सन यास तेथें वनरक्षक नेमलें, आणि लवकरच सागावर सरकारचा मक्ता बसविला. खाजगी मालकाचें झाडही सरकार ठरवील त्या दरानें सरकारास. साग स्वस्त झाला खरा; परंतु ती स्वस्ताई मालकाच्या पदरांतून काढलेली होती. तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८२३ सालीं मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांच्या आग्रहावरून तें पदच मोडलें गेलें.

त्याच्या सुमारें शंभर वर्षें आधींचें रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र यापुढें ठेवावें. आरमारास लांकूड हवें, ही निकड त्यांसही होती. साग वगैरे आपल्या रानांत असेल तो हुजूरच्या परवानगीनें तोडावा, कमी पडेल तो परमुलुखांतून विकत आणावा, असें ते सांगतात. आंबा आणि फणस हींही आरमाराच्या उपयोगाचीं झाडें, पण त्यांस हात लावूं नये. कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, आणि रयतेनें अपत्याप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर मालकास राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावें. हॉपसच्या दोरींत न येणारी ही बाब अमात्यांनीं किंमतींत धरली, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादींतही सागाशेजारीं आंबा व फणस आहेतच.

आमच्या ठाणें जिल्ह्यांत मात्र मधल्या काळीं उलटेंच घडलें. १८७८ च्या कायद्यानें रानें राखीव झालीं. भातशेतीच्या राबाकरितां डहाळ्या तोडण्यावरून एवढा बोभाटा झाला कीं १८८५ सालीं ठाणें व कुलाबा यांसाठीं चौकशीमंडळ नेमावें लागलें. पुढें त्याच रानांत ठेकेदारांची झाडें पाडणाऱ्या वारल्यांनीं १९४६ सालीं मजुरीसाठीं संप केला. गोदावरी परुळेकरांनीं तो इतिहास विस्तारानें लिहिला आहे; आम्ही येथें त्यांत शिरत नाहीं.

वखारवाल्याशीं न्यायानें वागावें तर त्याचीही बाजू आहे. उघड्यावर फळी वाळावयास इंचास सुमारें एक वर्ष, असा सुतारांचा ठोकताळा आहे. आमची फळी दोन इंच जाड. तेवढा काळ त्याचें भांडवल अडकलेलें. शिवाय रुंद फळी वाळतांना पीळ खाते, फाटते, आणि फाटलेलीचा खर्च न फाटलेलीवरच चढतो. हें सारें आम्ही मान्य केलें, आणि फीत मागून घेऊन दोन्ही टोकांस आणि मध्यें अशा तीन ठिकाणीं रुंदी मोजली. सरासरी काढतां भाव पंचमांशानें उतरला. तोही हंसून कबूल झाला. त्यास हें गणित नवीन नव्हतें.

मग आम्हीं परवान्याचें विचारलें. त्यानें गल्ल्याच्या खणांतून एका कागदाची नक्कल काढून पुढें केली. तिच्यावर गांवाचें नांव होतें, झाडाची जात होती, घेर होता. झाडवाल्यास काय मिळालें, असें विचारतां तो म्हणाला, “तें ठेकेदारास ठाऊक, साहेब. आमच्याकडे येतो तो ओंडका.”