परभृत मधमाशी

जबलपूरच्या मातीने शास्त्राला एक मोठा धडा दिला आहे. तेथील बडा शिमला टेकडीवर १८२८ साली स्लीमन यांना एका महाकाय सरीसृपाची हाडे सापडली. त्या प्राण्याचे नामकरण लायडेकर यांनी केले ते १८७७ साली. आधी भूमी बोलली, नाव मागाहून आले. मध्य भारतासह देशाच्या मोठ्या भागात वावरणाऱ्या एका मधमाशीच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली निळसर पट्ट्यांच्या एका मधमाशीस ‘झोनाटा’, म्हणजे पट्टेवाली, असे नाव दिले. त्याचा शिष्य फाब्रिसियस याने १७७५ मध्ये दुसरीला ‘हिस्ट्रिओ’ म्हटले. या लॅटिन शब्दाचा अर्थ नट. काळ्या देहावर फिकट ठिपक्यांचा वेष ल्यालेली ही माशी! दोघींनाही तेव्हा ‘अपिस’ या एकाच वंशात स्थान मिळाले. घरधनीण आणि घरफोडी एकाच छपराखाली नांदू लागल्या.

पट्टेवाली ही कष्टाळू गृहिणी. नर्मदाकाठी असतात तशा मऊ, वाळूमिश्रित दरडी तिला मानवतात. पोळे नाही, राणी नाही. प्रत्येक मादी स्वतःचे बीळ कोरते, आतील कोठडीला पाणी न झिरपणारा लेप देते, पराग व मध यांचे अन्न साठवते, त्यावर एक अंडे घालून तोंड बंद करते. ती दूर गेली की नटी बिळात शिरते, बंद कोठडीला छिद्र पाडून आपले अंडे आत सोडते आणि छिद्र पुन्हा बुजवून निघून जाते. तिच्या अळीला कोयत्यासारखे जबडे असतात. त्यांनी ती यजमानिणीच्या संततीचा अंत करते आणि मग सारा साठा एकटी खाते.

कोकिळेला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली, हा शब्द संस्कृतात फार पूर्वीपासून आहे. तीच वृत्ती मधमाशीतही असेल, हे टाचणीला टोचलेल्या नमुन्यावरून कळणे कठीण होते. खूण मात्र तिच्या अंगावरच होती: पराग वाहून नेणारे दाट केस तिच्या पायांवर नाहीत. जिला स्वतः साठा करायचा नाही, तिला ओझ्याची झोळी कशाला?

पुढे पान्झरने १८०६ मध्ये ‘थायरियस’ हा वंश मांडला. १८९७ साली बिंगहॅम यांचा भारतातील गांधीलमाश्या व मधमाश्यांवरील ग्रंथ निघाला. त्याच वर्षी फ्रीझने ‘अमेगिला’ हे नाव योजले, आणि तेच आज पट्टेवालीच्या वंशाचे नाव आहे. १९६२ मध्ये लीफ्टिंक या डच कीटकशास्त्रज्ञाने थायरियसच्या या भूभागातील जातींची साकल्याने फेरतपासणी केली. अशा रीतीने नावांचा गुंता सुटला. जीवनाचे रहस्य मात्र बिळापाशी बसून पाहणाऱ्यांनाच उलगडले.

म्हणूनच दरड महत्त्वाची. पट्टेवाली आपल्या गुंजारवाने फूल थरथरवून वांग्या-टोमॅटोचा पराग मोकळा करते. तिचे बीळ मोडले तर नुकसान मळ्याचेही होते. आणि परभृतेचे तर सर्वस्वच यजमानिणीवर अवलंबून. वाळू उपसून आणि काठ खरवडून यजमानीण विरळ झाली, तर तिच्या जिवावर जगणारी त्याआधीच दिसेनाशी होण्याचा संभव. ज्या दरडीवर ही नटी घिरट्या घालताना दिसते, ती दरड अद्याप नांदती आहे असे खुशाल समजावे. या चोराचा वावर हीच धन्याच्या सुबत्तेची साक्ष होय.