गुठळीभोवतीची सूज
मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण पहिल्या तडाख्यातून वाचतो आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा खालावतो, तेव्हा बऱ्याचदा गुठळीभोवती चढलेली सूज त्याला कारण असते. या सुजेची उकल व्हायला तीन शतकांहून अधिक काळ लागला.

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचे वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे दाखवून दिले, की अचानक शुद्ध हरपवणाऱ्या झटक्यामागे मेंदूत साकळलेले रक्त असू शकते. पुढे अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) या स्कॉटिश वैद्यांच्या कामातून कवटीचा नियम आकाराला आला. कवटी ताठर असते. आतील मेंदू, रक्त आणि द्रव यांपैकी एकाने जास्त जागा घेतली, की दुसऱ्याला ती सोडावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वे कुशिंग यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले, की कवटीतला दाब चढला की मेंदूचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी शरीर रक्तदाब वाढवते.

मात्र सूज येते कशी, हे दाबाच्या नियमातून कळत नव्हते. इगोर क्लॅत्झो यांनी १९६७ मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे केले: रक्तवाहिन्या झिरपून पेशींबाहेर साचणारे पाणी आणि पेशींचे काम बिघडल्यामुळे त्यांच्या आत शिरणारे पाणी. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. त्यानंतर गुठळी आणि तिच्याभोवतीचा सुजेचा काळसर पट्टा जिवंत माणसात दिसू लागला. मेंदूतील गाठींभोवतीची सूज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने उतरते, म्हणून ते रक्तस्रावातही दिले जाई. पण १९८७ च्या थायलंडमधील चाचणीत मृत्यू घटले नाहीत, संसर्ग मात्र वाढले. ही सूज निराळी होती.

तिचा क्रम १९९० च्या दशकात, विशेषतः मिशिगन विद्यापीठातील प्रयोगांतून स्पष्ट झाला. पहिल्या काही तासांत गुठळी आकसते आणि तिच्यातला द्रव भोवती उतरतो. पुढचे दोन दिवस रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन दाह भडकवते, रक्तवाहिन्या झिरपू लागतात. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तांबड्या पेशी फुटू लागतात आणि त्यांतील हिमोग्लोबिन व लोह मेंदूच्या पेशींना इजा करतात. म्हणूनच रक्तस्राव थांबल्यावरही सूज वाढत राहते.

मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे द्रावण मेंदूतले पाणी ओढून दाब तात्पुरता उतरवते. लोहाला बांधणाऱ्या डिफेरॉक्सामिनने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठोस लाभ दाखवला नाही. सुजेची कारणे उलगडली आहेत; तिच्या मुळावर घाव घालणारे औषध अजून हाती यायचे आहे.