जयपूरचा बाजार : आखलेली रेषा आणि पाळलेला शब्द

आपल्याकडील बहुतेक बाजारपेठा आपोआप वाढलेल्या आहेत. देवालयासमोर फुलवाला बसतो, त्याच्याशेजारी पेढेवाला येतो, जत्रेपुरती ठोकलेली पाले पुढे पक्की दुकाने होतात. मग ओटा कोणाचा आणि रस्ता कोणाचा, हा तंटा आम्हां वकिलांच्या दप्तरात येऊन पडतो. असा तंटा उद्भवूच नये अशा बेताने आधी बाजार आखावा आणि मग त्यात माणसे वसवावीत, याचे ठळक उदाहरण म्हणजे जयपूर.

आंबेरचे सवाई जयसिंह यांनी १७२७ साली या नगराचा पाया घातला. डोंगरातील राजधानी सोडून त्यांनी सपाट जमीन पसंत केली. आखणीच्या कामात विद्याधर नावाचा बंगाली अधिकारी प्रमुख होता. आपल्या वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, याच राजाच्या पदरी युक्लिडचे भूमितिशास्त्र संस्कृतात आणणारे महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट होते. रेषेचे मोल जाणणारी ती राजसभा होती.

सूरजपोल ते चांदपोल असा सरळ राजमार्ग, त्यास काटकोनात छेदणारे रस्ते, आणि छेदस्थानी ‘चौपड’ म्हणजे प्रशस्त चौक. राजमार्गाची रुंदी सुमारे १११ फूट ठेविली. दुतर्फा दुकानांची अखंड रांग, आणि तिचा दर्शनी भाग एकसारखा. आत वाडा कसा बांधावा हे धन्याने ठरवावे, परंतु रस्त्याकडील तोंड नगराचे, असा हा विवेक होता. चौपडींवर कुंड होते व त्यांत भुयारी मार्गाने पाणी येई. अलीकडे मेट्रो रेल्वेसाठी खोदताना ते पुन्हा उजेडात आले. सराफांचा जौहरी बाजार, राजवाड्यासमोरील त्रिपोलिया, पश्चिमेकडील चांदपोल बाजार, अशी ही मांडणी. कित्येक मंदिरे तर दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहेत. खाली तराजू, वर घंटा. दर्शनासाठी दुकानांमधल्या पायऱ्या चढून जावे लागते.

परंतु याच बाजाराच्या इतिहासात आपल्या माणसांच्या रक्ताचे एक पान आहे, आणि ते वगळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. खंडणीचा तगादा आणि होळकरांची चालून येणारी फौज यांपुढे हतबल होऊन १७५० च्या अखेरीस राजा ईश्वरीसिंहाने विष घेतले. १७५१ च्या जानेवारीत मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या फौजा शहराबाहेर असताना हजारो मराठे हे नवे नगर पाहावयास आत गेले. वेशी बंद झाल्या आणि नगरवासीयांनी त्यांची कत्तल केली. बेसावध पाहुण्यांवर घाव घालणे हा अधर्मच. तथापि त्या संतापास आपल्या सरदारांच्या वसुलीने खतपाणी घातले होते, हेही इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी मोकळ्या मनाने मान्य करावे. रस्ते तेच, रुंदी तीच. परस्परांवरील विश्वास मात्र उरला नव्हता.

पुढे १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या स्वागतासाठी शहरास गुलाबी रंग चढला. १९४२ ते १९४६ या काळात दिवाण असलेल्या सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकीर्दीत बाजाराची डागडुजी झाली आणि पादचाऱ्यांस सावली मिळावी म्हणून दुकानांपुढे ओवऱ्या उभ्या राहिल्या. पुढील दशकांत त्या सावलीतच मालाच्या राशी पसरल्या. प्रश्न न्यायालयांत गेला, आणि २००० च्या सुमारास मोहीम काढून ओवऱ्या मोकळ्या कराव्या लागल्या. २०१९ साली युनेस्कोने या नगरास जागतिक वारशाचा मान दिला.

कायद्याच्या व्यवसायात आम्ही एक गोष्ट शिकलो आहो. नकाशावरील रेषा एकदा काढली म्हणजे कायमची राहत नाही. ती रोज सकाळी दुकान उघडताना पुन्हा पाळावी लागते. आपल्या देवालयांपुढील रस्ता जयपूरइतका रुंद नसेल. पण पालखीस वाट मिळावी म्हणून दुकानदार आपली टोपली हातभर मागे ओढतो, तेव्हा तोही नगररचनाच करीत असतो. ती टोपली उत्सव संपल्यावरही मागेच राहावी, एवढेच आमचे सांगणे.