अँटेना: शिडावरून रेडिओवर

अँटेना मुळात दर्यावर्दी. लॅटिनमध्ये हा शब्द शिडाच्या परबाणाचा, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या लाकडाचा. ग्रीक ‘केराइया’चे अर्थ मात्र दोन, परबाण आणि शिंग. १५व्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणताना थिओडोर गाझाने कीटकांच्या शिंगांना ‘अँटेना’ हेच नाव दिलं. झुरळाच्या मिशा त्या ह्याच! रेडिओत हा शब्द मार्कोनीमुळे रुळला. त्याने तार बांधलेल्या तंबूच्या खांबाला इटालियनमध्ये ‘अँतेन्ना’ म्हणत, असं सांगतात.

नाव लाकडाचं, काम धातूचं. धातूत मागेपुढे धावणारे इलेक्ट्रॉन रेडिओ-लहरी सोडतात. अँटेनाची दांडी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी असली की ते उत्तम साधतं. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमची लहर ३ मीटर, दांडी दीड मीटर. २ गिगाहर्ट्झची मोबाइल-लहर जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणून तिची अँटेना फोनच्या पोटात मावते.