खाटा, दूध आणि सम्राट

रोमचे सम्राट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? संगमरवरी पुतळे, कलोसियम, पांढऱ्या घोड्यांचा रथ. इसवी सन 117 मध्ये ट्रेजन वारला तेव्हा ते साम्राज्य ब्रिटनपासून इराकपर्यंत पसरलं होतं. नकाशावर सगळं लाल रंगवलेलं असतं, आणि आपण म्हणतो, बापरे, काय ती सत्ता!

पण त्या लाल रंगाच्या आत, एका साध्या गावात, सम्राट म्हणजे नेमकं कोण यायचं? स्वतः सम्राट तर येत नाही. मग त्याच्या नावानं कोण येतं, आणि काय मागतं? आज या प्रश्नावर बोलू. याचं एक भारी उत्तर आपल्या शेजारी सापडलंय. मी पुसदकडचा. पुसदहून वाशिमला एसटीनं जायचं म्हणजे दीड-दोन तासांचं काम, आणि हे उत्तर वाशिमचं आहे.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. वाकाटक शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपतात, आणि तोही अजिंठ्यामुळे मिळालेला. पण या घराण्यातला पहिला प्रवरसेन बघा. काळ साधारण इसवी सन 270 ते 330. रोममध्ये तेव्हा डायोक्लेशन आणि त्याच्यानंतर कॉन्स्टन्टाईन. यानं चार अश्वमेध केले, वाजपेय केला. वैदिक परंपरेत राजसूयानं माणूस राजा होतो आणि वाजपेयानं सम्राट, असं सांगितलंय. म्हणून वंशजांच्या ताम्रपटांत त्याच्या नावामागे 'सम्राट' लागतं. गंमत म्हणजे वाकाटकांत ही पदवी त्याला एकट्यालाच. पुढचे सगळे नुसते 'महाराज'.

आणखी एक योगायोग. डायोक्लेशननं 293 मध्ये रोमची सत्ता चार जणांत वाटली. इकडे पुराणं म्हणतात की प्रवरसेनाचे चारही मुलगे राजे झाले. चारातल्या दोन शाखाच आपल्याला नीट माहीत आहेत: एक नागपूरकडची नंदिवर्धनची, दुसरी वत्सगुल्मची. वत्सगुल्मची शाखा सुरू केली सर्वसेन नावाच्या मुलानं. हा प्राकृतात कविता करायचा. रोममध्ये चौघांची वाटणी वीस वर्षंही धड टिकली नाही, तलवारी निघाल्या. आपल्याकडच्या दोन शाखा मात्र दीडशे वर्षं शेजारी-शेजारी नांदल्या. भांडल्या नसतीलच असं मी म्हणणार नाही, भावकी आहे शेवटी!

आता मुद्द्याचं. 1939 साली वाशिमला एक ताम्रपट सापडला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यावर काम केलं, आणि वत्सगुल्मची ही वेगळी शाखा होती हे तेव्हा कुठे पक्कं कळलं. एका तांब्याच्या दस्तानं अख्खं राजघराणं परत मिळालं. दस्त आहे सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा, राज्याच्या 37 व्या वर्षाचा. नंदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या बाजूचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिलंय. वंशावळ संस्कृतात आहे, पण खरा व्यवहाराचा भाग प्राकृतात. म्हणजे आजच्यासारखंच: वर मोठमोठ्या पदव्या, आणि कामाचा मजकूर लोकांना कळेल त्या भाषेत.

त्या मजकुरात एक यादी आहे. या गावाला काय काय माफ, त्याची. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. अंमलदारांसाठी खाटा आणि मुक्कामाची सोय मागायची नाही. फुलं आणि दूध न्यायचं नाही. गाई-बैल घ्यायचे नाहीत. चामडं आणि कोळसा मागायचा नाही. मिठासाठी खणायचं नाही. सोनं आणि धान्य वसूल करायचं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दुसऱ्यानं लिहिलेली सिस्टीम समजून घ्यायची असेल, तर आम्ही तिच्या सवलती आणि अपवाद आधी वाचतो. 'हा नियम अमुक युजरला लागू नाही' असं लिहिलेलं दिसलं की कळतं, बाकी सगळ्यांना तो लागू आहे. ही यादी तशीच उलटी वाचा. दान मिळालेल्या एका गावात शिपाई शिरणार नाहीत, म्हणजे बाजूच्या गावात शिरत होते. तिथे खाट, दूध, कोंबडी नाही म्हणत यादीत, पण बैल, कातडं, कोळसा हे सगळं जात होतं. यादीतला शब्द आहे 'खट्टा'. खाट! सोळाशे वर्षांत शब्द फारसा हललेला नाही.

आणि आता परत रोमकडे चला, कारण तिकडे हेच गाऱ्हाणं गावकऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं. आजच्या बल्गेरियात स्काप्टोपारा नावाचं गाव होतं. तिथे गरम पाण्याचे झरे, जवळच मोठी जत्रा. 238 साली गावकऱ्यांनी थेट सम्राट तिसरा गॉर्डियन याच्याकडे अर्ज केला. तक्रार अशी की सैनिक आपली वाट सोडून आमच्या गावात येतात, राहायला जागा आणि जेवण मागतात, पैसे देत नाहीत; असंच चाललं तर आम्ही घरदार सोडून जाऊ. अर्ज पोचवला कोणी, तर त्याच गावात जमीन असलेल्या, सम्राटाच्या खास तुकडीतल्या एका सैनिकानं. वशिला तेव्हाही लागायचाच. आणि जगाच्या त्या मालकानं उत्तर काय दिलं? आधी प्रांताच्या गव्हर्नरकडे जा. गावकऱ्यांनी तो अर्ज उत्तरासकट दगडावर कोरून घेतला. निदान उत्तर तरी आलं, दाखवायला कामी येईल, असा हिशेब असावा.

पुढे 398 मध्ये तर रोमन कायद्यानंच ठरवून दिलं: घराचे तीन भाग करा, पहिला भाग मालकानं निवडायचा, दुसरा मुक्कामाला आलेल्या सैनिकानं, उरलेला मालकाचा. वाशिमचा ताम्रपट याच्या आसपासच्याच काळातला. तिकडे सम्राटानं तिसरा हिस्सा कायदेशीर करून टाकला, इकडे राजानं निवडक गावांना सोडलं. मला विचाराल तर सामान्य कुणब्याला दोन्हीकडे सारखंच. दान ब्राह्मणांना गेलं, शेत कसणाऱ्याची मागणी फक्त दुसऱ्या दारी वळली.

राजाला पण ही सूट फुकट द्यायची नव्हती. अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट बघा, दुसऱ्या प्रवरसेनाचा, पाचव्या शतकातला. चर्मांक गावातली 8000 भूमी इतकी जमीन 1000 ब्राह्मणांना दिली, चंद्र-सूर्य असेतोवर. आणि पाठोपाठ अटी: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी नाही, राजावर विषप्रयोग नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. हे मोडलं आणि राजानं जमीन काढून घेतली, तर ती चोरी ठरणार नाही. चंद्र-सूर्याच्या शपथेखाली बारीक अक्षरातल्या 'टर्म्स अँड कंडिशन्स'. विषाचा उल्लेख मला जास्त बोलका वाटतो. एवढा मोठा राजा, आणि दानपत्र लिहिताना त्याच्या डोक्यात हे चाललंय.

याच प्रवरसेनाच्या ताम्रपटांत 'विष्टि' माफ केल्याचं येतं. विष्टि म्हणजे सक्तीचं बिनपैशाचं काम. आपला 'वेठ' शब्द तिथूनच आला, वेठबिगारीतला.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी मोठा साहेब दौऱ्यावर यायचा म्हटलं की कोतवाल आदल्या दिवशी घरोघर फिरायचा. कोणाकडची खाट, कोणाकडचं दूध, कोणाकडची बैलजोडी. साहेब कोण, कुठला, हे त्यांना कधी कळलं नाही. आमच्या घरची खाट मात्र एकदा परत आली ती एक पाय मोडूनच, आणि ती तशीच, खाली वीट लावून, कित्येक वर्षं ओसरीवर होती.