दंतविकासातील जनुक अभिव्यक्ती

सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात दात तयार होत असताना कोणती जनुके, कोणत्या पेशींत आणि कोणत्या वेळी कार्यरत होतात, त्या क्रमास दंतविकासातील जनुक अभिव्यक्ती म्हणतात. दंतवल्काच्या प्रथिनांची जनुके सोडली, तर केवळ दातांसाठी राखीव अशी जनुके फारशी नाहीत. केस, घर्मग्रंथी व बोटे घडवणारी संकेत-प्रथिनेच जबड्यातही वापरली जातात; फरक असतो तो स्थळकाळाचा. या विषयाचे बहुतांश ज्ञान उंदरावरील प्रयोगांतून मिळाले आहे. उंदराला सुळे व उपदाढा नसतात आणि त्याचे दात पडून पुन्हा येत नाहीत. त्यामुळे हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दोन ऊतींचा संवाद

दात दोन ऊतींपासून बनतो. तोंडाच्या आतील अभिस्तरापासून दंतवल्क तयार होते, तर त्याखालील मेसेन्काइम या सैल ऊतीपासून दंतिन व दंतमगज. उंदराच्या भ्रूणात सुमारे अकराव्या दिवशी अभिस्तर जाड होतो व एफजीएफ८ आणि बीएमपी४ ही संकेत-प्रथिने स्रवतो. त्यांच्या प्रभावाने मेसेन्काइममधील पॅक्स९, एमएसएक्स१ इत्यादी जनुकांचे नियमन होते. या टप्प्यात पुढाकार अभिस्तराचा असतो. बाराव्या दिवसाच्या सुमारास बीएमपी४ ची अभिव्यक्तीच मेसेन्काइमकडे सरकते आणि सूत्रे त्याच्या हाती जातात. अशा मेसेन्काइमवर पायाच्या कातडीचा अभिस्तर ठेवला, तरी त्यापासून दात घडू शकतो. पॅक्स९ किंवा एमएसएक्स१ निकामी केलेल्या उंदरांत मात्र दात कलिकावस्थेतच थांबतो.

दात पटाशीचा व्हावा की दाढ, हेही याच सुमारास ठरते. जबड्याच्या मागील भागात एफजीएफ८ मुळे बार्क्स१ हे जनुक चालू होते. पुढील भागात बीएमपी४ त्यास रोखते. लंडनमधील पॉल शार्प यांच्या गटाने 1998 मध्ये हा अडथळा दूर केला, तेव्हा पटाशीच्या दाताच्या जागी दाढेसारखा दात तयार झाला.

दंतवल्क-गाठ

चौदाव्या दिवसाच्या सुमारास, टोपी अवस्थेत, अभिस्तराच्या मध्यभागी पेशींचा एक लहान पुंजका दिसतो. त्यास दंतवल्क-गाठ म्हणतात. इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नवाल यांच्या हेलसिंकीतील गटाने या गाठीचे कार्य उलगडले. गाठीतील पेशी स्वतः विभाजित होत नाहीत. परंतु एफजीएफ४, एसएचएच इत्यादी प्रथिने स्रवून त्या सभोवतालच्या पेशींस वाढावयास लावतात. त्यामुळे कडा खाली वाढतात आणि मध्य जागीच राहतो. काम झाल्यावर या पेशी नियोजित मृत्यू पावतात. पुढे दाढेत जेथे जेथे उंचवटा व्हावयाचा असतो, तेथे दुय्यम गाठी उद्भवतात. एका प्राण्याची दाढ दुसऱ्यापेक्षा वेगळी का, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या गाठींच्या मांडणीत आहे.

अखेरच्या टप्प्यात अमेलोजेनिनसारखी दंतवल्काची प्रथिने तयार होतात. एमएमपी२० व केएलके४ ही विकरे ती नंतर काढून टाकतात व वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेले दंतवल्क उरते. दात उगवताच ते घडवणाऱ्या पेशी नष्ट होतात. म्हणून झिजलेले दंतवल्क पुन्हा येत नाही.

मानवी विकार

चार्ल्स डार्विन यांनी 1875 मध्ये सिंधमधील (तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील) एका हिंदू कुटुंबाची नोंद केली. त्यातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून बाराच दात होते. अंगावर केस अत्यल्प होते आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेमुळे त्यांचे हाल होत. मुलींना हा विकार होत नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. एक्स गुणसूत्रावरील ईडीए जनुकातील दोषामुळे नेमकी हीच लक्षणे दिसतात. हे जनुक 1996 मध्ये सापडले. घाम न येणे हे या विकारात दात नसण्यापेक्षाही घातक असते, कारण लहान मुलांचा ज्वर त्यामुळे प्राणावर बेतू शकतो. 2018 मध्ये जर्मनीतील वैद्यांनी ईडीए प्रथिन गर्भजलात टोचून तीन बालकांवर जन्मापूर्वीच उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. त्या बालकांना घाम येऊ लागला. एमएसएक्स१ व पॅक्स९ मधील उत्परिवर्तनांमुळे मात्र मुख्यतः काही ठरावीक दाढा व उपदाढाच उगवत नाहीत.

दातांची वाढ रोखणाऱ्या यूएसएजी१ या प्रथिनास प्रतिपिंडाने अडवले असता उंदीर व फेरेट यांच्यात जादा दात येतात, असे जपानमधील संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले. त्या औषधाची मानवी चाचणी 2024 मध्ये क्योतो येथे सुरू झाली.